बर्फाच्या पाण्यातले पाय

आमच्या घरी बर्फ यायला लागला तो मुलीच्या पोलीस भरतीमुळे. वयाच्या अटीत बसणारी ही तिची शेवटची भरती होती. आठशे मीटर धावण्यात पूर्ण गुण मिळाले तरच यादीत नाव लागेल, असा हिशेब आम्ही बापलेकींनी मागच्या कट-ऑफवरून मांडला होता. ती पहाटे आमच्या कुडवा गावच्या सिमेंट रस्त्यावर धावायची आणि परत आली की पिंडऱ्या धरून ओसरीवर बसायची.

मोठे खेळाडू सरावानंतर थंड पाण्यात बसतात, त्याने स्नायूंचा ठणका कमी होतो, हे तिने मोबाइलवर पाहिलं होतं. टब आमच्याकडे कुठला? धानाचं बियाणं मिठाच्या पाण्यात घालायचा निळा ड्रम मी कापून दिला. पाणी अति गार नको म्हणून थर्मामीटर आणला. पारा बारा ते पंधराच्या मध्ये आला की पाय आत, दहा मिनिटं झाली की बाहेर.

बर्फ मासळी बाजारामागच्या डेपोतून आणायचा. तिथला माणूस मला ओळखायला लागला.

"क्या भाऊ, रोज बरफ? घरी मुडदा ठेवला का?"

"पोरीच्या पायाले लागते."

"पोरीचे पाय हायेत का रोहू मच्छी?" असं म्हणून तो एक ढेकूळ जास्तीचं टाकायचा.

बायकोला हे मुळीच पटलं नव्हतं. "दुखऱ्या पायाले कोणी बरफ लावते का? गरम विटेचा शेक पायजे. दिवसभर चिखलात धानाचा रोवणा करून आल्यावर आमी काय बरफात बसत होतो?"

"म्हणूनच तुये गुडघे कुरकुर करून राहिले, आई," मुलगी म्हणायची.

शेवटी तडजोड झाली. सकाळी बर्फ, संध्याकाळी वीट. जेवताना तिघांचा वाद चालायचा, पण तो थंड की गरम एवढाच. दुखणं पिंडरीतून सरकून पुढे नडगीवर, एका बोटाने झाकेल एवढ्या जागेवर येऊन बसलं आहे, हे तिने आम्हाला सांगितलं नाही. बर्फात पाय टाकला की ती जागा सुन्न व्हायची, दुसऱ्या दिवशी ती पुन्हा धावायची, आणि वेळ सुधारत होती. घड्याळ माझ्याच हातात असायचं. आकडा कमी झाला की आम्ही खूश.

मग एका सकाळी ती ओसरीच्या पायरीवरून उतरताना खाली बसली आणि उठेना.

डॉक्टरांनी नडगीवर बोट दाबलं तशी ती ओरडली. एक्स-रेच्या फोटोत हाडाला बारीक चीर दिसत होती. "थंड पाणी थकलेल्या स्नायूंसाठी ठीक आहे," ते म्हणाले, "पण हाड त्याने जुळत नाही. दुखणं फक्त झाकलं गेलं. दीड महिना धावणं बंद."

मैदानी चाचणी त्याच्या बरीच आधी होती.

चाचणीच्या आदल्या दिवशी ती माझ्याजवळ आली. "बाबा, उद्या धावायच्या आधी बरफ लावतो. पाय सुन्न झाला का तीन मिनिटं तर निघून जातील."

"डॉक्टर काय म्हणले, आयकलं ना?"

"आयकलं. वय पण आयकलं आहे मी माझं."

नाही म्हणायला माझ्याकडे कारण होतं, पण या भरतीच्या बदल्यात तिला द्यायला दुसरं काहीच नव्हतं. बर्फ मी आणला. डेपोवाल्याने थट्टा केली, मी हसलो नाही.

मैदानाच्या कुंपणाबाहेर, थंडीत, तिने नडगीला बर्फाची पिशवी बांधली. ओठ निळे पडले होते. नाव पुकारलं तशी पिशवी माझ्या हातात देऊन ती आत गेली.

पहिल्या वळणापर्यंत ती पुढच्या चौघींत होती. मग तिचा पाय वाकडातिकडा पडायला लागला. जमीन कुठे आहे हे तिला कळत नसावं, असं तो पडत होता. एकेक मुलगी तिला मागे टाकत गेली. ती थांबली मात्र नाही. सगळ्यात शेवटी, बहुतेक चालतच, तिने रेषा ओलांडली.

बाहेर आली तेव्हा म्हणाली, "दुखला नाही, बाबा. पण पाय माझा होता का नव्हता, समजलंच नाही."

ती गाडीवर मागे बसली. अर्ध्या रस्त्यात सुन्नपणा उतरला. तिने माझ्या पाठीवर कपाळ टेकवलं आणि दोन्ही हातांनी माझा स्वेटर मुठीत आवळला. मी गाडी बाजूला घेऊ लागलो तर म्हणाली, "थांबू नका, लोकं पाहून राहिले." मग मी गाडी तशीच हळूहळू, प्रत्येक खड्डा चुकवत, घरापर्यंत आणली.