शेळ्यांत वाढवलेली कुत्री

दुबईतल्या अल मनखूलचा फ्लॅट रिकामा केला त्या दिवशी नीलिमा रडेल असं सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं. समोरच्या अनुराधाने तर टिश्यूचा डबा आणून दिला होता. नीलिमाने त्या टिश्यूंत लोणच्याच्या बरण्या गुंडाळल्या आणि खोक्यावर मार्करने ‘काच’ लिहिलं.

तिचा नवरा चारुदत्त एका कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीत एस्टिमेशनला होता. दोन हजार आठच्या अखेरीला दुबईतले टॉवर अर्ध्यावर थांबले. कंपनीने आधी ओव्हरटाइम बंद केला, मग गाड्या काढून घेतल्या, मग माणसं कमी केली, आणि मार्चमध्ये ऑफिसलाच कुलूप लागलं. नोकरी गेली की व्हिसा जातो आणि व्हिसा गेला की महिन्याभरात देश सोडायचा. लेक ईशानी नववीत जाणार होती. अधेमधे बोर्ड बदलायचं म्हणजे पोरीची दहावी हातची जाणार, ही एकच गोष्ट नवराबायको त्या दिवसांत एकमेकांशी बोलत. बाकी बोलण्यासारखं काही उरलं नव्हतं.

कंपनीचा स्थानिक भागीदार होता अबू सैफ. म्हातारा, सावकाश बोलणारा. रास अल खैमात डोंगराच्या पायथ्याशी त्याचं शेत होतं: खजुराची झाडं, शेळ्यांचा मोठा कळप आणि एक पत्र्याच्या छपराचं घर. त्याने चारुदत्तला बोलावून घेतलं.

“मुहंदिस,” तो म्हणाला. इंजिनिअरला तो याच नावाने हाक मारी. “तुम काम का आदमी है. मेरा खेत सँभालो, व्हिसा मैं देगा.”

अशा तऱ्हेने, ज्या माणसाने चाळीस मजल्यांचं काँक्रीट हिशेबात बसवलं होतं, तो शेळ्यांच्या पेंढ्याचा हिशेब ठेवू लागला. नीलिमाने तिथल्या स्वयंपाकघरात बरण्या मांडल्या. एकही फुटली नव्हती.

शेळ्यांचा वैरी माणूस नव्हता, कुत्री होती. मंदीत साइट बंद पडल्या, वॉचमन मायदेशी गेले आणि त्यांनी पाळलेली कुत्री मागेच राहिली. ती उपाशी कुत्री टोळ्या करून डोंगराच्या कडेने हिंडत आणि करडं उचलून नेत. कळप राखायला लियाकत नावाचा पठाण होता. त्याच्याकडे गावाकडच्या जातीचा एक राखणीचा कुत्रा होता, वासराएवढा थोराड. हिंमत भरपूर, पण तो जागचा उठेपर्यंत करडू डोंगरापलीकडे गेलेलं असे.

मंदीनेच मग दुसरं एक जनावर आणून दिलं. अबू सैफच्या व्हिलातला इंग्रज भाडेकरू ‘सुट्टीवर जातो’ म्हणून गेला तो परतलाच नाही. बंद घरात त्याची ग्रेहाउंड कुत्री सापडली. काडीसारखे पाय, आत ओढलेलं पोट. वाऱ्यासारखी पळायची आणि ताट पडल्याच्या आवाजानेही घाबरायची.

चारुदत्तचं लहानपण जतला मामाकडे गेलं होतं. मामाकडे शिकारीची लांब पायांची कुत्री असत. कित्येक वर्षं ते त्याच्या डोक्यातही नव्हतं. ग्रेहाउंडच्या मांडीवरून हात फिरवताना ते एकदम वर आलं.

“या दोघांचं जमवू या,” तो म्हणाला. “धाव हिची, राखण त्याची.”

लियाकत पोट धरून हसला. “टाँग मेम की, सीना पठान का! वाह, इंजिनिअर साब!”

अबू सैफला मात्र कल्पना पटली. त्याने बोट वर केलं. “पिल्लों को एक साल. कुत्ते बकरी के साथ रुके, तो तुम भी रुको. नहीं रुके तो खलास. बकरी बेचूँगा, तुम अपने मुल्क.”

म्हणजे ईशानीची दहावी आता अजून पोटातही न आलेल्या पिल्लांवर येऊन ठेपली.

थंडी सुरू होताना ग्रेहाउंडला पाच पिल्लं झाली. डोळे उघडले तशी लियाकतने ती आईसकट शेळ्यांच्या गोठ्यात नेऊन ठेवली. राखणीचं कुत्रं असंच वाढवायचं असतं, त्याने सांगितलं. त्याला शेळ्यांचाच वास लागला पाहिजे. शेळ्या म्हणजेच आपलं घरदार, असं त्याला वाटलं पाहिजे. म्हणून कोणी कुरवाळायचं नाही, घराशी येऊ द्यायचं नाही, नावसुद्धा ठेवायचं नाही.

“बाजी, इनको प्यार नहीं करने का,” त्याने नीलिमाला बजावलं. मोठ्या बहिणीला म्हणतात तसं तो तिला बाजी म्हणे.

“नाही करणार,” नीलिमा म्हणाली, आणि ते तिला अजिबात जड गेलं नाही. ईशानीलाच ते झेपेना.

“वन नेम, मम्मा! त्या ब्राउन वालीला तरी.”

“नाही.”

“यू आर लाइक अ रोबोट.”

“रोबोट तर रोबोट. डबा घे आणि व्हॅन गाठ.”

पोरीचं काही चुकलं नव्हतं. नीलिमाला हल्ली कशाचंच काही वाटत नसे. पुण्याहून आईच्या ऑपरेशनचा फोन आला तेव्हा तिने सगळं नीट विचारून घेतलं आणि फोन ठेवून भेंडी चिरायला घेतली. आपण दगड झालो आहोत का, असं तिच्या मनात येई, पण त्याचीही काळजी वाटत नसे.

हात मात्र आपलं काम करत असत. सासूबाईंनी लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात घालून दिलेला पाठ होता: पहिली पोळी गाईची, शेवटची कुत्र्याची. अल मनखूलला गाय नाही आणि कुत्रं नाही, तेव्हा ती पहिली कबुतरांना घाली आणि शेवटची पार्किंगमधल्या मांजरांना. शेतावर आल्यापासून पहिली शेळीला जाऊ लागली. शेवटची, उरल्यासुरल्या कणकेची, वेडीवाकडी, ती मागच्या दाराबाहेर टाकी. कोणासाठी टाकतो हे ती बघतही नसे. पण तपकिरी पिल्लू कुंपणाखालून अंग चोरून येई, पोळी तोंडात धरी आणि गोठ्याकडे पळे. नीलिमाने तिला कधी हात लावला नाही, यू यू केलं नाही, तिच्या डोळ्यांत पाहिलं नाही. नियम पाळतोच आहोत, असं तिला वाटे. खरं तर वाटतही नसे. पोळ्या झाल्या, तवा उतरवला, दार उघडलं, एवढंच.

वर्षभरात पिल्लं कमरेएवढी झाली. त्यांतली तपकिरी म्हणजे चारुदत्तने मनात जे चित्र काढलं होतं ते जसंच्या तसं. आईचे पाय, बापाची छाती. एका सकाळी टोळीतला एक कुत्रा कळपाशी आला तेव्हा तिने त्याला खडकाळ माळावरून असं पिटाळलं की तो परत फिरकला नाही. चारुदत्त धावत स्वयंपाकघरात आला.

“बघितलंस? अगं, बघितलंस का? वळली कशी!”

कित्येक महिन्यांनी त्याचा आवाज चढला होता. नीलिमा म्हणाली, “चहा गार होतोय.”

एकच गोष्ट कोणाला उलगडत नव्हती. पाच-पाच कुत्री राखणीला असूनही दोनदा करडू गेलं होतं आणि दोन्ही वेळा भर दुपारी. लियाकत त्या वेळी नमाज पढून अंमळ पडत असे. “दोपहर में क्या होता है इनको?” तो डोकं खाजवी.

ठरलेलं वर्ष संपलं तसा अबू सैफ एका शुक्रवारी नमाजनंतर भावाला घेऊन कुत्री बघायला आला. झाडाखाली गालिचा अंथरला. समोर माळावर कळप चरत होता आणि पाचही कुत्री कळपाच्या चहूबाजूंनी बसली होती. तपकिरी सगळ्यांच्या पुढे, मान ताठ. म्हाताऱ्याचा चेहरा खुलला. “माशाल्ला, मुहंदिस, माशाल्ला.” चारुदत्तने स्वयंपाकघराच्या खिडकीकडे पाहिलं. दोन वर्षांत तो पहिल्यांदाच असा ताठ उभा होता.

आत पाहुण्यांसाठी नीलिमा पोळ्या लाटत होती. शेवटची तव्यावर पडली. तिने ती उलटली, शेकली, तवा उतरवला आणि मागचं दार उघडलं.

कडी वाजली तशी माळावरची तपकिरी उठली. एकदा अंग झाडलं आणि दुडक्या चालीने घराकडे निघाली. ती पुढारी होती. पुढारी निघाली म्हणून एक भाऊ उठला, मग दुसरा, मग उरलेली दोघंही. गालिच्यावर बसलेल्या दोन म्हाताऱ्यांसमोरून पाचही कुत्री रांगेने स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन उभी राहिली. मागे माळावर कळप उघडा पडला.

लियाकत दाराशी आला आणि त्याने नीलिमाच्या हातातली पोळी पाहिली.

“रोज़ देती हो, बाजी?”

“हाँ. आख़री वाली.”

“कुत्ते को? अपने हाथ से?”

“हमारे में देते हैं.”

“फिर तो कुत्ता तुम्हारा हो गया.”

“मैंने तो कभी हाथ भी नहीं लगाया उसको.”

“कुत्ते को हाथ से क्या लेना-देना, बाजी,” लियाकत म्हणाला.

अबू सैफ रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं. त्याने मिशीवरून बोट फिरवलं आणि निकाल दिला. “चार कुत्ते ठीक हैं, उसके पीछे आए. वो आज ही जाएगी. वो गई तो बाक़ी बकरी के पास लौटेंगे, और तुम भी रहो. वो रही तो कोई नहीं रहेगा.”

“बाबा, साखळीने बांधतो. सबसे अच्छी वही है,” चारुदत्त म्हणाला. मराठी आणि हिंदीची सरमिसळ झाल्याचं त्याला कळलंही नाही.

“इसीलिए,” अबू सैफ म्हणाला. “अच्छे के पीछे सब जाते हैं.”

पाहुणे न जेवता गेले. चारुदत्त गोठ्याच्या भिंतीला टेकून बसला. लियाकतच्या चुलतभावाचं सिमेंट फॅक्टरीच्या रस्त्यावर ट्रकचं यार्ड होतं. त्याला राखणीला कुत्रं हवं होतं. पण तपकिरी लियाकतच्या हाताला लागेना. चारुदत्तने दोरी घेतली आणि तिच्यापाशी जाऊन तशीच खाली ठेवली.

“माझ्याच्याने नाही व्हायचं,” तो म्हणाला.

“पोरीचा फॉर्म गेलाय बोर्डात,” नीलिमा म्हणाली. एप्रन काढून ती शेतावरच्या पिकअपमध्ये लियाकतशेजारी जाऊन बसली. दार उघडंच ठेवलं. तपकिरी आपणहून आत चढली आणि तिच्या पायांशी वेटोळं करून बसली.

वळणावर गाडी हलली तेव्हा नीलिमाने तिला मानेपाशी धरलं. पहिल्यांदाच. केस वाटले होते त्यापेक्षा राठ होते. कातडीखाली काहीतरी जोरजोरात धडधडत होतं. आता काहीतरी होईल, म्हणून नीलिमा वाट बघत राहिली. काही झालं नाही. हात ऊबदार झाला, इतकंच.

यार्डवाल्याने साखळी अडकवली. “नाम क्या है?”

“रखा नहीं.”

“रानी बोलेंगे,” तो म्हणाला. “चलेगा?”

“चलेगा.”

पिकअप सुरू झाला तशी तपकिरी साखळीच्या टोकापर्यंत धावत आली आणि मान वर करून ओरडू लागली. तो भुंकण्याचा आवाज नव्हता. लहान मूल श्वास न घेता रडत राहतं, तसा होता. फाटक मागे पडलं, रस्ता वळला, तरी तो ऐकू येत होता. लियाकत पश्तूत काहीतरी पुटपुटला. नीलिमाने काच वर केली.

“एसी चालू है ना,” ती म्हणाली.

घरी ईशानी टेबलाशी भूगोलाचं पुस्तक उघडून बसली होती. “इज शी गॉन?”

“हो.”

“ओके.” तिने पान उलटलं. मग लगेच तेच पान परत मागे घेतलं.

उन्हं उतरत होती. चार कुत्री शेळ्यांमध्ये परतून बसली होती, एक जण मधूनच घराकडे बघत होता. चारुदत्त हौदात पाणी सोडत होता. नीलिमा त्याच्याशेजारी जाऊन उभी राहिली. पाण्याकडे बघतच त्याने विचारलं.

“रडली का गं?”

“कोण, मी?”

“नाही. ती.”

“नाही,” नीलिमा म्हणाली. “ती पण नाही.”

“तशी धीटच होती,” तो म्हणाला, आणि त्याने नळी दुसऱ्या हौदात सोडली.