मेजरसाहेबांचं पथ्य

लालासाहेब फौजेतून हवालदार म्हणून घरी आले आणि काही वर्षांनी त्यांच्या घरात मेजर आला. आला म्हणजे लेकीनं आणून ठेवला. राजेश्वरी सांगलीला विश्रामबागेत राहायची. जावयाची बदली बंगळूरला झाली, तेव्हा तिकडं घर लागेपर्यंत म्हणून तिनं पिंजरा आष्ट्याजवळच्या माहेरी पोचवला. आत पिवळाधमक पोपट, कपाळ केशरी, पंखांच्या टोकांना हिरवी झाक. गावात चौघांनी विचारलंच, राघू पाळायला बंदी आहे ना म्हणून. लालासाहेब छाती काढून सांगायचे की बंदी आपल्या रानातल्या राघूला, हा परदेशी आहे, रीतसर नोंदलेला आहे.

लेकीनं त्याचं नाव काहीतरी इंग्रजी ठेवलं होतं, ते लालासाहेबांच्या जिभेला वळेना. पण पहिल्याच सकाळी पक्षी दांडीवर ताठ उभा राहून त्यांच्यावर असा खेकसला, की त्यांच्या टाचा आपोआप जुळल्या. त्या दिवसापासून तो मेजर. पुढं बंगळूरला घर लागलं, तरी लेक त्याला न्यायचं नाव काढीना आणि लालासाहेबही आठवण करून देईनात.

दोघांची दोस्ती जमली ती खाण्यावरून. सोप्यात बसून लालासाहेब बशीत चहा ओतायचे, मेजर बशीच्या काठावर बसून चोच बुडवायचा. मग खारी. मग भडंग, त्यातले शेंगदाणे मेजरचे, चुरमुरे लालासाहेबांचे. दुपारी सूर्यफुलाच्या बिया वाटीभर आणि संध्याकाळी भज्याचा कुरकुरीत कडेचा भाग. भाजी मात्र दोघांनाही वर्ज्य. लालासाहेबांना उभ्या जन्मात कुणी दोडका खायला लावू शकलं नव्हतं. वरिष्ठांनी नाही आणि बायकोनं, बनुबाईंनीही नाही. ताटात भोपळा आला की ते ताट असं फिरवायचे की भोपळा बनुबाईंच्या बाजूला यायचा.

असे महिने गेले. मेजर चेंडूसारखा गोल झाला. कपाटावरून उडायला गेला की सरळ खाली यायचा, गादीवर धप्प आवाज व्हायचा आणि मग तो चालतच पिंजऱ्यात जायचा. लालासाहेबांना त्याची भारी गंमत वाटायची. पण एक दिवस तो दांडीवर बसल्या बसल्याच धापा टाकायला लागला, शेपूट वर-खाली हलायला लागली, आणि लालासाहेबांचं हसू थांबलं. त्यांनी पिंजरा गाडीत घातला, बनुबाईंनी वर चादर धरली आणि दोघं विश्रामबागेत पक्ष्यांच्या डॉक्टरकडं पोचले.

डॉक्टर स्वप्नाली तरुण होती, हाताला हलकी. तिनं मेजरला रुमालात गुंडाळून तपासलं, काट्यावर ठेवलं आणि तो काय काय खातो ते विचारलं. लालासाहेबांनी सगळं सांगितलं, जरा अभिमानानंच. चहाशी आल्यावर तिनं पेन खाली ठेवलं.

तिनं समजावलं ते थोडक्यात असं. नुसत्या बिया आणि तळकट खाऊन त्याच्या यकृतावर चरबी चढायला लागली आहे. चहा, मीठ, चॉकलेट पूर्ण बंद. कांदा-लसूण नको. बिया चार-दोनच, शाबासकी म्हणून. रोजच्या जेवणात निम्म्याहून जास्त त्याच्यासाठी बनवलेल्या गोळ्या, त्यांच्या जोडीला भरपूर भाजी: गाजर, लाल भोपळा, मेथी, शेवग्याचा पाला, मोड आलेले मूग. फळाची एखादी फोड. पाणी रोज ताजं.

गोळ्या म्हणजे औषधाच्या, असं समजून लालासाहेबांनी जेवणाआधी की नंतर ते विचारलं. डॉक्टरीण हसली आणि म्हणाली, "काका, गोळ्या हेच जेवण. दाण्यांसारख्या असतात."

घरी आल्यावर लालासाहेबांनी फौजी पद्धतीनं काम हाती घेतलं. जुनं सगळं बंद, नवं सगळं सुरू, आजपासून. वाटीत गोळ्या आणि गाजराचे काप ठेवले. मेजरनं एक गोळी उचलली, पाहिली आणि बाहेर फेकली. मग दुसरी. मग गाजर. शेवटी वाटीच उलटी केली आणि ओरडायला लागला. ते ओरडणं म्हणजे पत्र्यावर पत्रा घासावा तसं. दुपारभर घर दणाणलं. शेजारचे भाऊसो भिंतीवरून डोकावून विचारायला लागले, की काय मोटर जळालीया का.

बनुबाईंनी निमूट मूठभर बिया वाटीत टाकल्या. घर शांत झालं. लालासाहेबांनी डॉक्टरणीला फोन करून हार कबूल केली. तिनं उलट त्यांनाच दटावलं, की पाखराला उपाशी कधीही ठेवायचं नाही, हळूहळू बदलायचं, आणि रोज वजन करायचं. मग तिनं एक गोष्ट सांगितली, आणि तिथून त्या घराचं सगळंच बदललं. पोपट थव्यानं खाणारा पक्षी आहे. थवा जे आवडीनं खातो ते त्याला हवंसं वाटतं. आणि आता त्याचा थवा म्हणजे तुम्ही दोघं.

फोन स्पीकरवर होता. बनुबाईंच्या चेहऱ्यावर जे हसू उमटलं, ते लालासाहेबांनी लग्नाच्या फोटोतही पाहिलं नव्हतं.

"आवं ऐकलं न्हवं? आवडीनं खायाचं म्हन्ली ती," त्या म्हणाल्या आणि विळी घेऊन बसल्या.

दुसऱ्या सकाळपासून सोप्यात तीन वाट्या लागल्या. दोन थव्याला, एक मेजरला. लालासाहेब कच्च्या भोपळ्याची फोड तोंडात घालायचे, डोळे मिटून चावायचे आणि पिंजऱ्याकडं बघून म्हणायचे, "आहाहा, काय गोड हाय गड्या." मेजर मान वाकडी करून बघायचा. त्याला काही पटत नव्हतं. बनुबाई सांगायच्या, की तोंड असं करून खाल्लं तर कोण इस्वास ठेवंल, जरा हसून खावा. मग लालासाहेब हसून खायचे. भाऊसो भिंतीवरून बघत होते. त्यांचा आधी समज झाला, की हवालदाराच्या डोक्यावर काहीतरी परिणाम झालाय. कारण कळल्यावर ते स्वतःच येऊन बसले, म्हणाले थवा मोठा असला तर बरं. रोज सकाळी तीन म्हातारी माणसं ओळीनं बसून मेथीची पानं कराकरा खायची, एकमेकांना वाहवा म्हणायची आणि मधेच हसू फुटून ठसका लागायचा.

मेजर मात्र ढिम्म. तो बिया मागायचा आणि त्याला थोड्या थोड्या कमी मिळायच्या.

मग एकदा बनुबाई ठेच्यासाठी लवंगी मिरच्या निवडायला सोप्यात बसल्या. पिंजरा उघडा होता. मेजर धप्प करून खाली आला, चालत चालत सुपापर्यंत गेला आणि त्यातली एक लालभडक मिरची पायात धरून खायला लागला. लालासाहेब पाण्याची वाटी घेऊन धावले. मेजरनं पाण्याकडं पाहिलंही नाही. बी न् बी चाटून त्यानं मिरची संपवली आणि दुसरी उचलली. मग त्यानं मान वर करून लालासाहेबांकडं पाहिलं. थव्यातला दुसरा का खात नाही, असं ते बघणं होतं.

सांगली भागात तिखट खाण्यात माघार घेणं म्हणजे फेटा उतरवून ठेवणं. आणि लालासाहेब तर पैज लावून तांबडा रस्सा पिणारे. त्यांनी एक लवंगी उचलली आणि कचकन चावली. मेजरनं आनंदानं शीळ घातली. त्यांनी दुसरी चावली. मेजर नाचायला लागला, एका पायावरून दुसऱ्या पायावर. तिसरीला लालासाहेबांच्या कानातून वाफ निघतेय असं भाऊसोंना दिसलं. डोळ्यांतून पाण्याच्या धारा, नाक लाल, तरी ते "आहाहा" म्हणत होते, आणि त्यांच्या आयुष्यातलं हे पहिलं आहाहा होतं जे मेजरला खरं वाटलं. बनुबाई सूप बाजूला सारून जमिनीला टेकून हसत होत्या.

डॉक्टरीण फोनवर म्हणाली, की पक्ष्यांना तिखट लागतच नाही, मिरचीनं त्याला काही अपाय नाही. लालासाहेबांनी तोंडात गुळाचा खडा धरूनच ते ऐकलं. ती म्हणाली, पैज लावायची होती तर आधी मला विचारायचं.

पण मिरचीनं वाट उघडली ती उघडलीच. बनुबाईंनी ढबू मिरचीत लवंगीच्या बिया भरून दिल्या, तर त्यानं ढबूही फस्त केली. मग त्याच बिया गाजराच्या किसावर, मग भोपळ्यावर, मग मोडाच्या मुगावर. ओल्या गोळ्यांवर मिरचीचा कूट भुरभुरला, तर त्याही हळूहळू पोटात जायला लागल्या. उरलेली भाजी बनुबाई दोन तासांत उचलायच्या, शिळी त्याला मिळायची नाही. लालासाहेब तर आता थव्याबाहेरही भोपळा खायला लागले होते. का, ते त्यांनाही सांगता येत नव्हतं. कमरेचा पट्टा सैल झाला, तेव्हा त्यांनी नवं भोक पाडून घेतलं आणि ते भाऊसोंना तीनदा दाखवलं.

हिवाळा सरता सरता ते पुन्हा विश्रामबागेत गेले. डॉक्टरणीनं मेजरला काट्यावर ठेवायला रुमाल उघडला, तेवढ्यात तो सुटला. या खेपेला धप्प झालं नाही. तो सरळ वर गेला, दवाखान्याला एक पिवळी फेरी घातली, बंद पंख्याच्या पात्यावर बसला, पातं हललं म्हणून पुन्हा उडाला आणि आणखी दोन फेऱ्या मारल्या. बाकावरची कुत्री भुंकायला लागली. कुणाच्या तरी मांजरीनं टोपलीत दडी मारली. डॉक्टरीण हात वर करून त्याच्यामागं फिरत होती. लालासाहेब मधोमध उभे राहून टाळ्या वाजवत होते.

"बघा डाक्टरबाई, बघा, कसं उडतंय, इमान हाय माझं इमान."

शेवटी तो बनुबाईंच्या अंबाड्यावर उतरला आणि तिथनंच उचलून त्याला काट्यावर ठेवलं. डॉक्टरीण म्हणाली, अगदी बेतात आहे, असंच चालू ठेवा.

परत येताना त्यांनी रस्त्याकडंला पेरूच्या गाड्यापाशी गाडी थांबवली. गाडेवाल्यानं पेरू चिरत तिखट-मीठ लावू का म्हणून विचारलं.

"दोन फोडींना लाव," लालासाहेब म्हणाले. "तिसऱ्या फोडीला नुसतं तिखट. मीठ अजिबात नगं, त्याला पथ्य हाय."

गाडेवाला वाकून त्यांच्या गाडीत बघायला लागला, आजारी माणूस कुठं बसलाय ते.