जातीचा रकाना

माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच सांगून टाकते. दारात कुणी येऊन नुसतं "काय चाललंय?" म्हणालं, तरी माझ्या मनात पाल चुकचुकते. आमची इमारत जुळे सोलापुरातली, चार मजल्यांची, सगळे पगारदार. इथं सरळ कुणी काही विचारत नाही. आधी "मूळचे कुठले?" मग "गावात घर कुठल्या बाजूला?" मग "तुमच्याकडं लग्नात काय काय करतात हो?" असे खडे टाकत राहतात. माझ्या आडनावावरून कुणाला काही कळत नाही आणि सहा वर्षं मीही ताकास तूर लागू दिली नव्हती. सात रस्त्याला माझं ऑफिस आहे, तिथं सगळ्यांना ठाऊक आहे, कारण कागदावरच आहे ते. पण घरी, जिन्यात, गच्चीवर पापड वाळत घालताना मला तो विषय नको होता. 'हाय'चं 'आहे' केलं, 'न्हाय'चं 'नाही' केलं, ते त्यासाठीच. भेकडपणा म्हणा हवं तर.

माणसांची चौकशी अशी आडून, पण कुत्र्यांची अगदी उघड. त्यात कुणालाच लाज वाटत नाही. तळमजल्यावरच्या निवृत्त साहेबांकडं पामेरियन आहे. पामेरियन म्हणजे जुनी नोकरी, टीव्हीवर क्रोशाचं कव्हर. तिसऱ्या मजल्यावर डॉक्टरीणबाईंचा लॅब्रॅडोर, त्याला फिरवायला वेगळी बाई. चौथ्यावर नवीन लग्न झालेल्या जोडप्यानं शिह त्झू आणलंय, त्याच्या केसांना क्लिप असते. रॉटवायलरवाले आमच्यात राहत नाहीत. त्यांचे होटगी रोडला बंगले असतात आणि बंगल्यापुढं पांढरी मोठी गाडी. कुत्रं बघून घरात येणारा पगार मी सांगू शकते, आणि बहुतेक वेळा बरोबर येतो.

सोसायटीचा नियम नोटीस बोर्डावर लावलेला होता. जातिवंत कुत्रं चालेल, रजिस्टरात नोंद करून. गावठी चालणार नाही. 'जातिवंत' हा शब्द मी पहिल्यांदा वाचला तेव्हा तिथंच थांबून पुन्हा वाचला.

हा नियम माझ्या अंगाशी आला तो आण्णांमुळं. आण्णा म्हणजे माझे वडील. आई गेल्यापासून ते जेऊरला एकटेच राहत होते. शुगर, एका डोळ्यात मोतीबिंदू. एकदा सकाळी ते परसात पडले, ते दुपारपर्यंत तिथंच पडून होते. शेजारचा माणूस ताक मागायला आला म्हणून कळलं. मी हट्टच धरला, आता इकडंच या. मीही इथं एकटीच असते. का, ते सांगत बसत नाही. आण्णांची एकच अट होती.

"कुत्रं घेऊन येतो. दुपारपातूर त्येच बसलं व्हतं माझ्यापाशी."

कुत्रं कसलं, तर पिवळं, हडकुळं, एक कान मोडलेला, शेपूट वरती गोल वळलेलं. बाप कोण ते गावालाही माहीत नसावं. त्याला नावसुद्धा नव्हतं. मी विचार केला, अंग लांबट आहे, तोंड निमुळतं आहे, कारवान म्हणून खपेल. कारवान म्हणजे आमच्याकडचं शिकारी कुत्रं. गावाकडं सशामागं पळवायचे, तेव्हा त्याला कुणी विचारत नव्हतं. आता तेच शहरातले लोक हौसेनं विकत घेतात. सेक्रेटरींना मी फोनवर ठोकून दिलं, वडिलांकडं कारवान आहे म्हणून. ते म्हणाले, आणा, आल्यावर नोंद करू.

कांद्याच्या टेंपोतून दोघं आले. चहा पिता पिता मी आण्णांना बजावलं, "हे बघा, कुणी कुत्र्याचं विचारलं तर कारवान म्हणायचं. दुसरं काही नाही."

"कारवान न्हाय त्ये."

"नसू दे. म्हणायचं."

त्यांनी दोनदा म्हणून दाखवलं. माझं समाधान झालं.

पहिले दोन दिवस बरे गेले, म्हणजे गेले असते, मीच जाऊ दिले नाहीत. डॉक्टरीणबाई जिन्यात थांबून म्हणाल्या, "कारवान का? छान. शेपूट जरा वेगळं आहे, नाही?" झालं. त्या शेपटाबद्दल बोलत होत्या की माझ्याबद्दल, यावर मी ऑफिसात अर्धा दिवस घालवला. चौथ्या मजल्यावरच्या पोरीनं आण्णांना "आजोबा, नमस्कार" केला, तर मला वाटलं, ही आजवर मला कधी नमस्कार करत नाही, आजच कसा सुचला.

रविवारी सकाळी सेक्रेटरी रजिस्टर घेऊन आले. साठीचे गृहस्थ, चष्मा नाकावर. मी स्वयंपाकघरात ज्वारीचं पीठ मळत होते, हात भरलेले. दार उघडंच होतं. आण्णा खुर्चीवर, कुत्रं त्यांच्या पायाशी. मी आतून म्हटलं, "बसा, आलेच." पण त्यांना घाई होती. ते उभ्या उभ्याच लिहायला लागले.

"बाबा, गाव कुठलं म्हणालात?"

"जेऊर."

"कधी आलात?"

"गुरवारी."

मग त्यांनी रजिस्टरात डोकं घातलं, रकान्यावर पेन टेकवलं आणि विचारलं, "आणि जात काय?"

आण्णा उठून उभे राहिले. मला आतून दिसत होतं. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली, हात जोडले आणि आमची जात सांगितली. स्पष्ट, एका दमात. आयुष्यभर लोकांच्या उंबऱ्याबाहेर उभं राहून सांगितली तशी.

माझे हात पिठातच राहिले.

सेक्रेटरी वर बघायला लागले. चष्मा सारखा करत म्हणाले, "नाही नाही, बाबा. तुमची नाही. कुत्र्याची."

"आसं व्हय," आण्णा म्हणाले आणि त्यांना बरंच वाटलं. "कुत्र्याची कारवान. लेकीनं तसंच सांगाय सांगितलंय."

सेक्रेटरी हसले नाहीत. "बरं बरं" म्हणाले आणि वही मिटून गेले. मी दार लावलं, पिठाच्या हातानंच, आणि आण्णांवर तुटून पडले. सहा वर्षांत तोंडातून न निघालेला 'हाय' 'न्हाय' सगळा बाहेर आला.

"तुमाला कुणी सांगितलं व्हतं बोलायला?"

"त्येनं इचारलं की."

"कुत्र्याची इचारली व्हती."

"मला काय ठावं," आण्णा म्हणाले. "जात काय म्हनलं की आजवर समदी माझीच इचारत्यात."

भाकरी करपली त्या दिवशी, दोघांनी तशीच खाल्ली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सेक्रेटरी पुन्हा आले. "मॅडम, इथं सही करा." मी आधी रकाना बघितला. माझी खात्री होती, तिथं गावठी लिहिलेलं असणार, नाहीतर काहीतरी खोडलेलं. तिथं होतं, 'कारवान'. नीट, वळणदार अक्षरात. आता हा माणूस कालचं सगळं ऐकून गेलेला, खोटं आहे हे त्याला पक्कं माहीत, तरी कारवान लिहितो? भला माणूस आहे, की उपकार करून ठेवतोय पुढं कधी उपयोगी पडावा म्हणून? "बाबांना राहू दे निवांत," ते म्हणाले. मी त्यांच्या तोंडाकडं बघत राहिले. काहीतरी सापडेल म्हणून शोधत होते. काही सापडलं नाही, याचाच मला राग आला. सही केली.

गॅलरीत जाऊन आण्णांना सांगितलं, "झालं काम. राहा आता दोघं."

"कुत्र्याचं झालं," आण्णा म्हणाले. "आता माझं सांग. कुनी इचारलं तर म्या काय म्हनायचं? कुत्र्याचं शिकवलंस, माझं शिकवायचं ऱ्हायलं. सांग, पाठ करतो."

त्यात टोमणा नव्हता. गोळी जेवणाआधी घ्यायची का नंतर, असं विचारतात ना ते, तसंच विचारलं. त्यांना खरंच राहायचं होतं माझ्याजवळ, आणि त्यासाठी जे करावं लागेल ते करायची तयारी होती.

आणि मी शिकवलं. देवाशप्पथ, शिकवलं मी. "म्हणायचं, आम्ही शेतकरी. पुढं विचारलं तर म्हणायचं, लेकीला विचारा." दीड एकर आहे आमची, म्हणजे निम्मं तरी खरं होतं, असं मी मनाशी म्हटलं.

"आमी शेतकरी. फुडं लेकीला इचारा," आण्णांनी म्हणून बघितलं.

त्यानंतर ते खाली जायचे कमी झाले. कुत्र्याला पहाटे, कुणी उठायच्या आत फिरवून आणायचे. दिवसभर गॅलरीत बसायचे. जिन्यात कुणाचं पाऊल वाजलं की त्यांचे ओठ हलायचे. पहिल्यांदा मला वाटलं, देवाचं नाव घेतात. मग कान देऊन ऐकलं, तेव्हा कळलं काय घेतात ते.

पाचव्या दिवशी मी ऑफिसमधून आले तर त्यांचं गाठोडं बांधून तयार होतं. कुत्र्याच्या गळ्यात दोरी. कुणी काही बोललं का, डॉक्टरीणबाई बोलल्या का, सेक्रेटरी आले होते का, मी एकेकाचं नाव घेत सुटले. कुणीही काही बोललं नव्हतं.

"पाठ व्हईना गं," आण्णा म्हणाले. "लई वर्सं खरं सांगायची सवय हाय. कुनी इचारलं की त्येच तोंडात येतंय. उगं तुला तरास."

मी त्यांना थांबा म्हणाले. तीनदा म्हणाले, हातातलं गाठोडंही काढून घेतलं. पण खरं सांगा आणि राहा, एवढं वाक्य काही माझ्या तोंडून निघालं नाही.