अर्ध्या गुणांचा सीझन

मी कोल्हापूर सोडलं त्या दिवशी आमची गाडी मॅच सुटल्याच्या गर्दीत अडकली. आईने निघायची वेळ पंचांगात बघितली होती, पण दोन पेठांची सेमीफायनल त्याच दुपारी आहे हे पंचांगात छापत नाहीत. दुचाक्यांवर झेंडे, पुढे हलगी, आणि मधोमध डिकीत माझ्या दोन बॅगा घेऊन उभी असलेली आमची गाडी. आप्पा पुढच्या सीटवर होते. माझे वडील फुटबॉलचे रेफ्री. कोल्हापुरात रेफ्री म्हणजे अर्ध्या गावाचा जावई आणि उरलेल्या अर्ध्या गावाचा आरोपी. एका पोराने काचेतून त्यांना ओळखलं आणि टकटक केली. "आप्पा, गेल्या मॅचला ती पेनल्टी व्हती काय वो?"

आप्पा गाडीतून खाली उतरले. रस्त्याच्या मधोमध हात वर करून बॉल कोपराला कुठे लागला ते दाखवायला लागले. माझं विमान मुंबईहून, मुंबई अजून आठ-नऊ तासांवर, आणि हे पेनल्टी समजावतायत. शेवटी आईच ओरडली, "अहो, पोरगी दुबईला चाललीय!" मी म्हटलं, दुबई नव्हे, मस्कत. तो पोरगा माझ्याकडे बघतच राहिला. मग मागे वळून त्याने अशी काही आरोळी ठोकली, "ए, सरका रं, आप्पांची पोरगी चाललीय!" आणि जी गर्दी आप्पांना शिव्या घालत होती तिनेच दुचाक्या बाजूला ओढून वाट करून दिली. एअरपोर्टवर आप्पा एवढंच म्हणाले, "शिट्टी वाजंस्तवर पळायचं. मधी थांबून निकाल बघायचा न्हाई."

मस्कतला आल्यावर पहिली गोष्ट कळली ती ही, की माझा निकाल आधीच अर्धा झालाय. कोल्हापुरात मी फिजिओथेरपिस्ट म्हणून माझ्या नावाची पाटी असलेल्या खोलीत बसत होते. इथल्या क्लिनिकने माझा अनुभव निम्मा धरला आणि मला माझ्यापेक्षा लहान मुलीच्या हाताखाली दिलं. नवरा गिरीश मूळचा पुण्याचा, त्याची नोकरी इथे आधीपासून होती, त्याने खूप समजूत घातली. मला समजूत नको होती, काम हवं होतं. ते मिळालं, वाढलं, आणि आज त्याच क्लिनिकचा तो विभाग मी चालवते. हे सांगताना मला अजिबात संकोच वाटत नाही. मागे राहिलेल्या माझ्या मैत्रिणी फोनवर विचारतात, "तिकडं करमतं का गं?" आणि मी दरवेळी सांगते, करमायला वेळ कुणाला आहे. माझ्यासारख्या बाहेर पडलेल्यांना हे वेगळं सांगायला नको.

आम्ही मस्कतमधल्या अल खौदला राहतो. युनिव्हर्सिटीमुळे दुकानं भरपूर, करक, म्हणजे कडक दुधाच्या चहाच्या टपऱ्यांसमोर गाड्यांमध्ये बसून चहा पिणारी तरुण मुलं भरपूर, आणि जरा आत गेलं की फ्लडलाइटचं एक भाड्याने मिळणारं मैदान. तिथे दर शुक्रवारी आम्हा भारतीयांची लीग चालते. आठ संघ. केरळवाल्यांचे तीन, गोव्याचा एक, इतर प्रांतांचे तीन, आणि मराठी एक, ज्यात निम्मे कोकणातले, निम्मे कोल्हापूर-सांगलीकडचे. मी पहिल्यांदा गेले ती मुलगी इराला मोकळ्या हवेत खेळवायला. अर्ध्या तासात मी एकाच्या घोट्याला टेप लावत होते. त्या दिवसापासून संघाची ताई झाले, फिजिओ झाले, आणि बाजूच्या रेषेवरून ओरडायला लागले. ओरडणं रक्तातच आहे.

बबन आमचा कॅप्टन आणि गोलकीपर. मालवणजवळचा, एसी दुरुस्तीतला वस्ताद. मिसरूड फुटताच ओमानला आलेला. लग्न, मुलं, आईचं आजारपण, सगळं सुट्टीच्या महिन्यांत बसवलं. गेल्या सीझनच्या आधी त्याने जाहीर केलं की हा शेवटचा. कंपनीला सांगून टाकलंय, कुडाळला स्वतःचं दुकान काढणार. इतक्या वर्षांत मराठी संघाने एकदाही कप जिंकला नव्हता. बबनला तो घेऊनच जायचा होता, घरातल्या टीव्हीशेजारी ठेवायला. मला म्हणाला, "ताई, शुक्रवारी मी थयसर काय करी होतंय, तां घरच्यांका कळूक होया." त्याच्या बायकोने त्याला कधी खेळताना पाहिलंच नव्हतं.

आता बेल्जियम मध्ये कुठून आलं ते सांगते. माझ्याकडे लुक नावाचा एक बेल्जियन इंजिनियर यायचा. सलालाहच्या बाजूला बंदराचं काम, गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी मस्कतला येऊन राहिलेला. व्यायाम करवून घेताना तो दुखण्याबद्दल अवाक्षर काढायचा नाही, त्यांच्या देशातल्या पहिल्या दर्जाच्या लीगबद्दल मात्र कण्हायचा. त्यांच्याकडे त्या वर्षी प्लेऑफची पद्धत पुन्हा बदलली होती. सगळा सीझन खेळायचा, मग वरचे सहा संघ वेगळे, मधले सहा वेगळे, तळाचे चार वेगळे. आणि वरच्या सहांचे तोपर्यंतचे गुण सरळ अर्धे करून पुढची लढाई. मी त्याचा पाय हवेत धरून थांबलेच. "अर्धे? कमावलेले?" तो म्हणाला, हो, कमावलेले. विषम आकडा असेल तर अर्धा गुण वर ओढून पुरा करतात. मात्र शेवटी दोघांचे गुण सारखे झाले, तर तो फुकटचा अर्धा गुण काढून घेतात. "आमच्याकडे सगळे ह्या नियमाला शिव्या देतात," लुक म्हणाला, "आणि शेवटच्या दिवशी सगळे मैदानावर असतात."

हे मी बिजूभाईला सांगितलं. बिजूभाई आमच्या लीगचा सेक्रेटरी, त्रिशूरचा, दुखरा खांदा घेऊन माझ्याकडे आलेला. त्याचं रडगाणं असं, की त्याच्याच गावच्या मुलांचा संघ दरवर्षी अर्ध्या सीझनमध्येच कप जिंकल्यात जमा असतो आणि मग उरलेल्या मॅचेसना काळं कुत्रं फिरकत नाही. ऐकता ऐकता त्याचा खांदाच बरा झाला म्हणायचा. पुढच्या मीटिंगमध्ये ठराव पास. पहिले चार संघ प्लेऑफला, गुण अर्धे, बाकी जे काही बेल्जियममध्ये असेल तेच इथे. तेव्हा मराठी संघ कायम पाचवा-सहावा. आमच्या पोरांनी खुशीत हात वर केले. गेलं तर केरळवाल्यांचं जाणार होतं.

आणि नेमका त्याच सीझनला आमचा संघ पेटला. बबनने अंगात आल्यासारखे गोल अडवले. साखळी संपली तेव्हा आम्ही एकतीस गुणांवर, बिजूभाईचा संघ सव्वीसवर. पाच गुणांची आघाडी! आणि मग बिजूभाईने व्हॉट्सॲपवर नवा तक्ता टाकला. आम्ही सोळा, ते तेरा. आमचा साडेपंधराचा आकडा वर ओढून सोळा केला होता, तेवढीच काय ती मेहेरबानी. बबनचा फोन आला, आवाज चढलेला. "ताई, खंय गेले आमचे गुण? इतके दीस धावलाव तां फुकट गेला काय? आणि ह्यो नियम तुमीच हाडलात?" मी म्हटलं, मीच आणला. आणि हे पण सांगितलं, की मी इथे आले तेव्हा माझेही अर्धे झाले होते, उरलेल्या अर्ध्यांवर खेळायचं. फोनवर हे फार छान वाटलं बोलायला. त्याला काही छान वाटलं नसावं.

प्लेऑफला प्रत्येकाशी एकेक मॅच. आम्ही पहिल्या दोन्ही जिंकलो, त्यांनीही जिंकल्या. शेवटचा शुक्रवार आला तेव्हा आम्ही बावीस, ते एकोणीस, आणि गाठ एकमेकांशीच. बरोबरी केली तरी कप बबनचा. लुक म्हणाला होता तसं सगळे मैदानावर होते. गोव्याचे आले, बंगाली आले, मैदानाचा ओमानी मालक खुर्ची घेऊन बसला. आमच्या बायकांनी वडे तळून आणले होते. मॅच संपत आली आणि त्यांच्या एका पोराने लांबून असा काही फटका मारला की बबनची बोटं लागूनही बॉल आत गेला. शिट्टी वाजली. एक-शून्य. बावीस-बावीस.

तरीही आमची पोरं नाचायला लागली, कारण गुण सारखे झाले की गोलफरक बघतात, आणि गोलफरकात आम्ही कितीतरी पुढे. बबन गुडघ्यांवर बसून रडत होता, आनंदाने. बिजूभाईचे लोकही मान खाली घालून पाण्याच्या बाटल्या गोळा करत होते. तेवढ्यात बिजूभाई माझ्याकडे आला. शिष्टाचार म्हणून विचारावं तसं त्याने विचारलं, "मॅडम, टाय हो गया. बेल्जियम में गोल डिफरन्सही देखते हैं ना?"

लुक कधीच मायदेशी परतला होता. ह्या मैदानावर तो नियम पुरा माहीत असलेली मी एकटी. गुगल केलं असतं तर मिनिटात सापडलं असतं, पण समोर डॉक्टरीणबाई उभी असताना गुगल कोण करतो? नुसतं "हां" म्हणायचं होतं. मी बबनकडे बघितलं. त्याचा टीव्ही, त्याची बायको, कुडाळचं दुकान, सगळं दिसलं. मनापासून वाटलं, म्हणून टाकावं हां. पण माझ्या तोंडातून ते येईना. आमच्या घरात जेवतानासुद्धा ऑफसाइडला ऑफसाइडच म्हणत. मी म्हटलं, "नहीं, बिजूभाई. पहले वो आधा पॉइंट निकालते हैं. हमारा साढ़े इक्कीस होता है. कप आपका है."

मग आमच्याच लोकांनी जो गलका केला! एकजण म्हणाला, तुम्हाला कुणी विचारलं होतं का? मी म्हटलं, विचारलं होतं, म्हणूनच सांगितलं. बबनने हातमोजे काढले, गोलपोस्टपाशी ठेवले आणि तो कंपनीच्या व्हॅनमध्ये जाऊन बसला. ओमानी मालकाने "खलास, खलास" म्हणत खुर्ची उचलली. घरी येताना गाडीत इराने तिच्या अडखळत्या मराठीत विचारलं, "आई, तू का सांगितली? दे वेअर सो हॅपी." मला रडू आलं. चूक केली म्हणून नव्हे. बरोबर करूनही माझ्या माणसांचा कप मीच काढून घेतला होता, आणि त्या क्षणी "माझी माणसं" म्हणताना माझ्या डोळ्यांपुढे कोल्हापूर नव्हतं.

त्यानंतर संघाचा ग्रुप माझ्यापुरता मुका झाला. घोटे, गुडघे, कुणाचंच काही दुखेना. गिरीश म्हणाला, "सोड ना, कप काय, मिळेल पुढच्या वर्षी." क्रिकेटवाल्या माणसाशी काय बोलणार? बबनला पुढचं वर्षच नव्हतं. मी कोल्हापूरला फोन केला तर आप्पांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आता काय दिवस दुधवाला पन तुझ्याकडं बघून हसनार न्हाई. सवय कर." लेकीचं कौतुक म्हणून एवढंच.

बबनच्या जाण्याच्या आदल्या दिवशी माझा फोन वाजला. "ताई, उद्या माका एअरपोर्टार सोडूक येशात काय?" मला वाटलं कंपनीची व्हॅन नसेल. नंतर कळलं, व्हॅन ठरलेली होती, ती त्याने नको म्हणून सांगितलं. मी क्लिनिकमधून सुट्टी घेतली. त्याच्या तीन बॅगा, दोरीने बांधलेलं एक खोकं आणि तो. गाडीत आम्ही कुडाळमधल्या दुकानांच्या भाड्यावर बोललो, त्याच्या मुलाच्या ॲडमिशनवर बोललो. मॅचचं नाव नाही. ट्रॉलीवर सामान चढवून झालं. आत जाण्याच्या दारापाशी तो थांबला आणि माझ्याकडे चांगलं रोखून बघत म्हणाला, "तुमी गप रवला असतात, तर आज कप माझ्या बॅगेत असतो."

मी म्हटलं, हो.

"पण मगे मी तुमका गाडयेक बोलवलंय नसतंय," बबन म्हणाला, आणि वाकून माझ्या पाया पडला. माझ्याहून वयाने मोठा माणूस. मी मागे सरकायच्या आत तो ट्रॉली ढकलत आत गेलाही.

घर म्हणजे काय, ह्यावर बाहेर राहणाऱ्यांनी पुष्कळ लिहिलंय. आईच्या हातचं, अंगणातलं, पेठेतलं, मलाही ते सगळं आठवतं आणि दुखतं. पण मला आता असं वाटतं, की जिथे तुमच्यावर मनसोक्त रागावता येतं आणि रागावूनही निघताना तुम्हालाच हाक मारावीशी वाटते, ते घर. कोल्हापुरात मला ते जन्माने मिळालं. इथे मी ते कमावलंय, आणि हे आता कुणी अर्धं करू शकत नाही.

आत गेलेल्या बबनने काचेपलीकडून एकदा हात केला. आजवर ह्या एअरपोर्टवर मी निघणारी नाहीतर येणारी होते. त्या दिवशी पहिल्यांदा मी पोहोचवायला आलेली होते, राहणारी. बबन दिसेनासा होईपर्यंत मी तिथेच उभी राहिले.