लातूर ते नांदेड, सरळ रेषेत

फोनवर 'लातूर ते नांदेड अंतर' असं टाकलं आणि जो पहिला आकडा वर आला तो मी मोठ्यानं वाचला. खाली विमानानं लागणारा वेळही दिला होता, अर्ध्या तासाच्या आतला. या दोन गावांत विमान जात नाही, हे पाहून मला हसू आलं. आकडाही विमानाचाच आहे, हे मात्र लक्षात आलं नाही.

माझ्या लातूरच्या खोलीतली मैत्रीण किनवटकडची, आश्रमशाळेत शिकलेली. वैद्यकीय प्रवेश परीक्षेचं तिचं केंद्र नांदेडला आलं होतं. थोरल्या भावानं तिला क्लाससाठी एकच वर्ष दिलं होतं. तिला आदल्या दिवशीच तिथल्या मामाकडे मुक्कामाला जायचं होतं. मी म्हणाले, एक दिवस कशाला वाया घालवतेस, सकाळी निघू, मी येते सोबत. मी कलाशाखेची. क्लासवाल्यांविरुद्ध पत्रकं वाटत फिरायचे. भूकंपानंतर नव्यानं वसलेल्या आमच्या गावात वडिलांनी आयुष्यभर अशीच आंदोलनं केली होती, त्यामुळे ठासून बोलणं मला घरातूनच मिळालं होतं. तिनं ऐकलं.

अहमदपूरला बस पोचली तेव्हाच मैलाचे दगड माझ्या हिशेबाशी जुळेनात. पुढे रस्ता उकरलेला, एकाच बाजूनं गाड्या सोडत होते. ती प्रवेशपत्र मांडीवर घेऊन बसली होती. एकदाच म्हणाली, "तुझं नांदेड पुढं पुढं सरकून राहिलं का गं?" लोह्याला साडेबारा वाजून गेले होते; नांदेड अजून तासभर होतं आणि केंद्राचं गेट दीडला लागणार होतं. मी ड्रायव्हरशी भांडले. तो म्हणाला, ताई, उडवू का आता बस?

केंद्रावर पोचलो तेव्हा गेट लागून दहा मिनिटं झाली होती. तिनं गजांना धरून विनवण्या केल्या. मी नियमावर बोलले, अन्यायावर बोलले, शेवटी शिपायाच्या पाया पडले. त्यानं पाय मागे घेतले.

मग तिनं भावाला फोन लावला आणि माझ्या हातात दिला. "तू सांग. तुला बोलता येतं."

मी सांगितलं, बस पंक्चर झाली. उभ्या उभ्या सांगितलं, एकदाही न अडखळता.

 भाऊ शांतपणे म्हणाला, "तिच्या नशिबातच न्हाई ते. दुपारच्या किनवटच्या गाडीत बसवून द्या तिला."

स्टेशनवर तिकीट काढून ती बाकावर बसली. मी म्हणाले, परत लावते फोन, खरं सांगते. तिनं मान हलवली.

"आता तू खोटं बोलतीस असं वाटंल त्याला. 'माझी चूक झाली' असं तू म्हणाली असतीस तर दादानं तुला शिव्या घातल्या असत्या. मला अजून एक वर्ष दिलं असतं."

तिच्या आवाजात राग नव्हता. गाडी आली तशी ती उठली, लातूरच्या खोलीतली पुस्तकं कुणाला तरी देऊन टाक म्हणाली, आणि बायकांच्या डब्यात चढली. खिडकीशी जागा होती, पण ती आतल्या बाजूला जाऊन बसली.