साडूंचा उजेड

साऱ्या लातुरात उजेडावर संशय घेणारा माणूस एकच, आणि तो नेमका आमच्या सासुरवाडीच्या वाट्याला आला. आमचे साडू. क्लासेसच्या गल्लीत त्यांचं फोटोचं दुकान आहे. इतर दुकानांत 'अर्जंट फोटो मिळेल' लिहिलेलं असतं, यांच्या दारावर 'गोरे करून मिळणार नाही'. लग्नात उन्हात उभा पांढऱ्या सफारीतला नवरदेव दिसला की हे त्याला हाताला धरून सावलीत नेणार, 'बटणं दिसून न्हाई राहिली' म्हणणार. तोवर मुहूर्त टळून भटजी घड्याळाकडे बघत बसणार. मेहुणी सांगते, "मला बघायला आले तवा चहाच्या आधी खिडकी लोटायला लावली ह्यांनी!"

बाकी गाव मात्र उजेडाच्या मागे लागलं होतं. कॉम्प्युटर आले, नायगाव-मुखेडपासूनची पोरं क्लासला येऊन पडली आणि निकाल लागला की चौकाचौकांत फलक. त्यावरची पोरं इतकी गोरी करत की नाकं नाहीशी होऊन नुसते डोळे आणि टक्के उरत. पेढे घेऊन आलेला एक बाप फलकाखाली उभा राहून लोकांना विचारताना मी पाहिलाय, "यातलं आमचं कोणतं हो?" साडू चिडून म्हणायचे, "फोटोतलं पांढरं एकदा उजेडानं जळालं की कितीबी काळं ओता, गेलेलं परत येत न्हाई. अंधार बरा. तो झाकतो, पण सहसा टाकून देत न्हाई."

असं असूनही एका वर्षी मोठ्या क्लासच्या सरांनी फलकांचं सगळं काम यांनाच दिलं. दुकान सावरायची ती संधी होती. नेमक्या निकालाच्या दिवशी, मी दुकानातच असताना, भूकंपाच्या पट्ट्यातली एक बाई जुना फोटो घेऊन आली. अंगणात उन्हात पांढरा फेटा बांधलेला नवरा, मागे दाराच्या अंधारात मुलगी. दोघंही भूकंपात गेलेली. "पोरगी दिसावी म्हणून दुसरीकडं उजेड करून घेतला, तर धनीच पुसून गेले," बाई म्हणाली. "नवा फ्रॉक घेतला न्हाई म्हणून रुसून आत उभी होती ती. तेवढंच तोंड बघायचं हाय, भाऊ."

साडूंनी फलक बाजूला सारले. फोटो कॉम्प्युटरवर घेऊन फेट्याचं ऊन वेगळं राखलं, दाराचा अंधार वेगळा, आणि तो कणाकणानं उकलत बसले. सर तणतणत आले, "अहो, संध्याकाळी फलक लागले पाहिजेत!" मान न वळवता साडू म्हणाले, "तुमची पोरं उद्याबी हाईत, सर. थांबा." सर थांबले नाहीत. काम समोरच्या दुकानात गेलं ते कायमचं. वेड लागलंय का तुम्हाला, असं मीही सुनावलं, आणि मला खरंच तसं वाटत होतं.

दुपारी बाईनं फोटो हातात घेतला. नवऱ्याच्या फेट्याची घडी न् घडी दिसत होती. मागे चौकट धरून उभी असलेली पोर दिसत होती. बाईनं पोरीच्या तोंडावर बोट ठेवलं.

"हसून राहिली की ओ! म्या इतकी वर्षं..."

तिनं फोटो पदराखाली घेतला. साडूंना त्या दिवसाबद्दल विचारलं तर अजून एकच हळहळ करतात, "पोरीच्या हनुवटीखाली जरा अंधार राहिला, साडूभाऊ. न्हाई निघाला माझ्याच्यानं."