आमच्यात कुणाला पोहता येत नाही

बायकोने मोबाइल माझ्यासमोर धरला आणि म्हणाली, "हे बघ, हे आपलं बेट."

पडद्यावर सगळा निळा रंग होता. तिने दोन बोटांनी तो मोठा केला, अजून मोठा केला, तेव्हा कुठे मधोमध एक लांबट हिरवा तुकडा दिसला. एका टोकाला बोटींचा धक्का, मधे पत्र्याची छपरं, नारळाची झाडं. दोन्ही अंगांना फिकट निळं पाणी आणि त्याच्यापुढे एकदम काळपट.

"डोंगर कुठाय?" मी विचारलं.

"डोंगर नाही. सपाट आहे सगळं."

"मग पाणी चढलं तर माणसं जातात कुठे?"

"तू ना, कधी चांगलं काही बघूच नकोस," ती हसत म्हणाली आणि मोबाइल मुलीकडे दिला.

मला हसू आलं नाही.

माझी बायको नर्स आहे. मुलुंडच्या एका मोठ्या खासगी इस्पितळात ती अतिदक्षता विभागात होती. तिच्याबरोबर काम केलेली एक केरळी मैत्रीण मालदीवला गेली होती, आणि तिच्या ओळखीने तिथल्या एका छोट्या बेटावरच्या आरोग्य केंद्रात नोकरी चालून आली होती. नवरा, मूल सोबत चालणार होतं. राहायला घर मिळणार होतं. महिनाअखेरीपर्यंत हो किंवा नाही कळवायचं होतं.

तिला का जायचं होतं ते मला माहीत होतं. आम्ही नाहूरला राहायचो. खिडकी उघडली की धूळ, बंद केली की कोंदट. मुलगी आठ वर्षांची, आणि दिवाळीनंतर तिचा खोकला सुरू झाला की पार होळीपर्यंत थांबायचा नाही. बायको म्हणायची, मी दिवसभर नळ्या लावलेल्या माणसांमध्ये असते, त्यातल्या कुणालाच माझा चेहरासुद्धा आठवत नाही. मला एकदा तरी अशा ठिकाणी काम करायचंय जिथे पेशंट बरा होऊन रस्त्यात भेटतो.

माझं काम असं की ते कुठेही बसून करता येतं. मी एका आर्किटेक्टकडे नकाशे काढतो, कॉम्प्युटरवर. त्याला विचारलं तेव्हा तो म्हणाला, "इंटरनेट आहे ना? मग जा यार, झकास." मला वाटलं होतं तो नाही म्हणेल. मी त्याच आशेने त्याच्याकडे गेलो होतो.

त्यानंतर मी रोज एक नवीन अडचण काढू लागलो. मुलीच्या शाळेचं काय? तिथे शाळा होती, बायकोने तिच्या मैत्रिणीला विचारूनही ठेवलं होतं. मुलगी मासे खात नाही, मग खाणार काय? डाळ-तांदूळ मिळतात. आपल्या घरातली बुद्धमूर्ती तिथल्या कायद्यामुळे तिथे नेता येत नाही. ती म्हणाली, मूर्ती अप्पांजवळ राहील, वंदना आपल्याला पाठ आहे. मग अप्पांचं काय? अप्पा म्हणजे माझे वडील, आमच्याकडेच असायचे. त्यावरही तिने आधीच उत्तर शोधलं होतं. माझी बहीण दिंडोशीला राहते, ती अप्पांना घेऊन जायला कधीची तयार होती.

एका रविवारी भाजी निवडता निवडता तिने सुरी खाली ठेवली. "आता खरं काय ते सांग."

"मला पाण्याची भीती वाटते," मी म्हणालो.

तिला वाटलं मी चेष्टा करतोय. मी हसलो नाही, तेव्हा तिचा विश्वास बसला.

ही भीती तिला माहीत नव्हती, कारण ती दिसायची वेळच कधी आली नव्हती. जुहूला गेलो की मी चपला सांभाळत वाळूत बसायचो. एलिफंटाची सहल मी दोनदा टाळली होती. पण बेटाचं ते चित्र बघितल्यापासून मात्र भीती माझ्या मागेच लागली. दिवसा नकाशा काढताना मधेच मी कॉम्प्युटरवर दुसरी खिडकी उघडायचो आणि समुद्र घरात शिरल्याचे व्हिडिओ शोधायचो. लोक गुडघाभर पाण्यात उभे राहून गाद्या उचलताना दिसायचे. त्यातली काही माणसं हसत असायची, आणि ते मला जास्त भयंकर वाटायचं. एकदा मी एका बाथरूमचा नकाशा काढत होतो आणि फरशीचा उतार चुकून बाहेरून आत दाखवला. तसंच पाठवलंही. आर्किटेक्टचा फोन आला, "अरे, पाणी घरात घेणार आहेस का?"

अप्पांना मी विचारलं, "आपल्यात कुणालाच पोहता कसं येत नाही?"

अप्पा पेपर वाचत होते. ते जालन्याकडच्या एका खेड्यातून तरुणपणी मुंबईला आले आणि कारखान्यात फिटर म्हणून निवृत्त झाले. गावाबद्दल ते फारसं बोलत नसत.

"पोहायला विहीर लागते," ते म्हणाले. "गावातली सगळी पोरं विहिरीत शिकायची. आपल्याला त्या विहिरीच्या काठावर चढू देत नव्हते. मग शिकणार कुठं?"

"नदी होती ना?"

त्यांनी पेपरची घडी घातली. "नदी होती. माझा थोरला भाऊ त्याच नदीत गेला. म्हशीच्या मागं उतरला होता. पाणी वाढलं. काठावर पोहणारे लई होते. कुणी उडी टाकली नाही." मग म्हणाले, "मी काठावरच होतो. लहान होतो."

माझे एक काका होते हे मला त्या दिवशी कळलं. अप्पा उठून गॅलरीत गेले आणि बराच वेळ तिकडेच उभे राहिले.

बायकोला हे सांगितल्यावर ती बेटाबद्दल बोलायचीच थांबली. तिचं ते गप्प राहणं मला सहन होईना. शेवटी मीच मुलुंडच्या महापालिकेच्या तरण तलावात नाव घातलं. मनात हिशोब असा, की शिकलो तर जाऊ, नाही जमलं तर निदान प्रयत्न केला असं सांगता येईल.

पहिल्या दिवशी प्रशिक्षक म्हणाले, "काही करू नका. दांडा धरा, तोंड पाण्यात घाला, बाहेर काढा." माझ्या शेजारी दुसरीतिसरीतली मुलं हेच करत होती आणि खिदळत होती. मी दांडा धरला. पाणी हनुवटीला लागलं आणि माझी मान ताठ झाली. मान खाली जाईचना. प्रशिक्षक माझ्यापेक्षा वयाने लहान होते, पण त्यांनी हसण्यावारी नेलं नाही. "उद्या," ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी मी तोंड बुडवलं. कान भरले, आवाज बंद झाले, आणि मला वाटलं, माझ्या काकांनी शेवटी हेच ऐकलं असणार. मी बाहेर येऊन कठड्यावर ओकलो.

तरी जात राहिलो. फळी धरून पाय मारायला शिकलो. फळी हातात असली की मी चार फूट पाण्यात इकडून तिकडे जायचो. घरी मुलीला सांगायचो तेव्हा ती टाळ्या वाजवायची.

मग एके सकाळी अप्पा म्हणाले, "मी येतो आज. बसतो बाकावर."

मला ते नको होतं. पण त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता, तयार होऊन बसले होते. तलावाच्या एका बाजूला पालकांसाठी बाक होते. अप्पा मुलांच्या आयांमध्ये जाऊन बसले, पायांजवळ पिशवी ठेवून. मी पाण्यात उतरलो तेव्हा त्यांचा चेहरा बघितला आणि पुन्हा तिकडे न बघायचं ठरवलं.

त्या दिवशी फळी सोडून पोहायचं होतं. मी भिंतीला पाय लावून सुटलो. हात मारले. जमतंय असं वाटलं, म्हणून अजून मारले. मी सरळ चाललोय अशी माझी समजूत होती, प्रत्यक्षात तिरका गेलो होतो, जिथे तळ उताराचा होतो तिकडे. दम संपला म्हणून पाय खाली टाकले. खाली काही नव्हतं.

तेव्हाचं मला तुटक आठवतं. नाकात आग. वर उजेड, पण तो नेमका कुठे आहे ते कळत नव्हतं. मी ओरडायला तोंड उघडलं आणि पाणीच आत आलं. मुलीचं दप्तर आठवलं, का ते माहीत नाही. मग कुणीतरी काखेत हात घालून मला ओढलं. प्रशिक्षक होते. त्यांनी मला उथळ बाजूला आणून उभं केलं. मी खोकत होतो, डोळे उघडत नव्हते.

डोळे उघडले तेव्हा समोर अप्पा होते, पाण्यात.

ते कपड्यांसकट उतरले होते. छातीपर्यंत पाणी, डोळ्यांवर चष्मा, शर्टाच्या खिशात मोबाइल. एका हाताने त्यांनी शिडीचा दांडा घट्ट धरला होता आणि दुसरा हात माझ्या दिशेने पुढे केलेला होता. तो हात माझ्यापर्यंत पोहोचणं शक्यच नव्हतं. त्यांचे ओठ हलत होते पण आवाज नव्हता. मी त्यांच्याजवळ गेलो तरी त्यांचा तो हात खाली येईना. मी तो धरला, तेव्हा ते इतके थरथरत होते की पाण्यावर बारीक लाटा उठत होत्या.

"काका, काय करताय!" प्रशिक्षक ओरडले. "तुम्हाला काही झालं असतं तर वाट लागली असती माझी!"

"व्हय," अप्पा म्हणाले. "चुकलं." आणि शिडी काही सोडली नाही.

कपडे बदलायच्या खोलीत मी त्यांचं डोकं माझ्या टॉवेलने पुसलं. बाहेर रिक्षावाल्याने आधी आमच्याकडे बघितलं, मग सीटवर पिशवी पसरायला लावली.

घरी बायकोने दार उघडलं आणि तिच्या हातातला डबाच पडला. सगळं ऐकून झाल्यावर ती म्हणाली, "बस झालं. मी आजच 'नाही' म्हणून कळवते."

मला इतकं हलकं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. मी मान डोलावणार, तेवढ्यात अप्पा बोलले. ते चादर गुंडाळून बसले होते, हातात चहा.

"तिकडं जायचं का नाही ते तुमचं तुम्ही बघा," ते म्हणाले. "पण पोरीला पोहायला शिकवा. इथं राहिलात तरी शिकवा. तिनं असं काठावर उभं राहू नये."

मुलगी दारात उभी राहून ऐकत होती.

दुपारी अप्पा झोपल्यावर मी बायकोला म्हणालो, "हो म्हणून कळव."

"घाबरला आहेस ना?"

"खूप."

ती पलंगाच्या कडेला बसली. "मी पण घाबरले आहे रे. तुला सांगितलं नाही. इथे माझ्या हाकेला डॉक्टर आहे, मशिनं आहेत. तिथे एखादी बाई बाळंतपणात अडली, आणि समुद्र खवळलाय म्हणून बोट सुटतच नसली, तर? मी एकटी. रोज तेच डोळ्यांसमोर येतं."

इतके दिवस मी माझ्याच भीतीत बुडालो होतो, तिला विचारायचं मला सुचलंच नव्हतं. आम्ही दोघं संध्याकाळपर्यंत तिथेच बसून राहिलो, एकमेकांना काय काय होऊ शकतं ते सांगत. धीर दोघांनाही आला नाही. संध्याकाळी तिने हो म्हणून कळवलं.

निघायच्या दिवशी अप्पा दिंडोशीहून बहिणीबरोबर विमानतळावर आले होते. त्यांनी मुलीला जवळ घेतलं आणि माझ्याकडे बघून फक्त "सांभाळून" म्हणाले.

विमानाचं काही वाटलं नाही. राजधानी मालेहून पुढे स्पीडबोट होती. ती लाटेवर आपटायची तेव्हा दात एकमेकांवर आदळायचे. मी मुलीला एका हाताने आणि बाकाला दुसऱ्या हाताने धरलं होतं. बायको डोळे मिटून बसली होती, तिचे ओठ हलत होते. समोर बसलेल्या एका बाईने मला काही न बोलता प्लास्टिकची पिशवी दिली. ती मी लगेच वापरली. खूप वेळ चहूकडे पाणीच होतं. मग मुलगी म्हणाली, "बाबा, झाडं!" मला आधी दिसली नाहीत.

या गोष्टीला आता दीड वर्ष झालं. बायकोला ज्याची भीती होती ते एकदा घडलं. बोट सुटायला उशीर झाला, ती एकटीच होती, पण बाई आणि बाळ दोघंही वाचली. घरी येऊन ती जमिनीवर बसली आणि बराच वेळ उठली नाही. त्या बाईची सासू आता तिला रस्त्यात थांबवून कच्चे आंबे देते. मी ज्याला घाबरत होतो तेही झालं. मोठ्या भरतीत आमच्या गल्लीत पाणी आलं. मी पासपोर्टची पिशवी गळ्यात अडकवून टेबलावर चढलो होतो, आणि शेजारीण खराट्याने अंगणातलं पाणी बाहेर लोटत होती. माझी भीती काही गेली नाही. आकाश काळं झालं की माझं काम बंद पडतं.

मुलीचा खोकला थांबलाय. शाळेतल्या मुलांबरोबर ती पोहायला शिकली, आणि आता माझ्यापेक्षा पुष्कळ चांगली पोहते. शाळा सुटल्यावर मी तिच्याबरोबर पाण्यात कमरेपर्यंत जातो, त्यापुढे जात नाही. ती हात सोडून पुढे जाते, बुडी मारते आणि दिसेनाशी होते. मी तिथेच उभा राहतो, श्वास रोखून, ती गेली त्या जागेवर नजर लावून. ती वर येते. कधी डावीकडे, कधी उजवीकडे. मी बघत असतो तिथे कधीच नाही.